शब्द देताना आणि शब्द पाळताना : कामावरचा भरवसा आणि आपला विश्वास

कारभारी

ख्रिस्ती माणसाने कामाच्या ठिकाणी कसं असावं हा विषय निघाला की बोलणं ठरावीक गोष्टींवर येऊन थांबतं. लाच घेऊ नये, खोटं बोलू नये, वरिष्ठांसाठी प्रार्थना करावी, संधी मिळाली तर साक्ष द्यावी. हे सगळं योग्यच आहे. पण सोबत काम करणाऱ्यांना ज्या गुणाची रोज, अगदी तासातासाला गरज पडते, त्याबद्दल आपल्या उपदेशांत फारसं ऐकू येत नाही. तो गुण म्हणजे भरवशाचं असणं. कबूल केलेलं काम कबूल केलेल्या वेळी होणं, होणार नसेल तर ते समोरच्याला वेळेत कळणं, आणि कुणाचं लक्ष नसतानाही ते तसंच होणं.

शास्त्राने हा गुण किरकोळ मानलेला नाही. बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या 5 व्या अध्यायात आत्म्याच्या फळाचं वर्णन करताना प्रीती, आनंद, शांती यांच्याच पंगतीत विश्वासूपणा येतो. प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की कारभाऱ्याकडून अपेक्षा असते ती त्याने विश्वासू ठरण्याची. हुशारीचा उल्लेखही तो तिथे करत नाही. नीतिसूत्रांच्या 25 व्या अध्यायात तर या गोष्टीची दोन टोकं दाखवली आहेत. विश्वासू निरोप्या म्हणजे कापणीच्या दिवसांत बर्फाचा गारवा. आणि संकटाच्या वेळी दगा देणाऱ्यावर टाकलेला भरवसा म्हणजे तुटका दात, निखळलेला पाय. दात काय नि पाय काय, त्यावर भार पडेपर्यंत सगळं ठीकच वाटत असतं. कामावर अविश्वासू माणसाचं नेमकं हेच होतं.

दानीएलाचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. 6 व्या अध्यायात दारयावेश राजा राज्यावर 120 प्रांताधिकारी नेमतो आणि त्यांच्यावर तीन अध्यक्ष. दानीएल त्या तिघांतला एक. त्याच्यावर जळणारे लोक त्याच्या कारभारात खोट शोधत राहिले. त्यांना ना गैरव्यवहार सापडला, ना हलगर्जी. शेवटी त्यांनी मान्य केलं की याला अडकवायचं तर याच्या देवाच्या नियमशास्त्राच्या बाबतीतच काहीतरी शोधावं लागेल. सिंहांच्या गुहेची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण गुहेच्या आधी चोख कारभार आहे, तोही त्याच्या देवाची भक्ती न करणाऱ्या परक्या राजाच्या नोकरीत, याकडे आपलं लक्ष जात नाही. शत्रूंनी दिलेलं हे प्रशस्तिपत्र शास्त्रात जपून ठेवलं आहे.

आता माझा मुद्दा. भरवसा बहुतेक वेळा काम करताना तुटत नाही, शब्द देताना तुटतो. मीटिंगमध्ये कुणी विचारतं, "शुक्रवारपर्यंत होईल ना?" आणि आपण डोक्यात कसलाही हिशेब न मांडता "हो, होईल" म्हणतो. नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं, समोरच्याचा चेहरा पडलेला बघवत नाही, आणि ख्रिस्ती माणसाने सेवेला तयार असावं असंही मनात असतं. त्या क्षणी ते उत्तर प्रेमळ वाटतं. पण त्या होकारावर विसंबून समोरचा पुढे आणखी दोघांना शब्द देतो, ते दोघे आणखी कुणाला. शुक्रवारी काम झालं नाही की ही सगळी साखळी कोसळते, आणि प्रत्येकाला आपलं तोंड कुणापुढे तरी खाली घालावं लागतं.

प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं की तुमचं होय ते होय असावं आणि नाही ते नाही (मत्तय 5:37). याकोबानेही आपल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात तेच सांगितलं. या वचनाचा विचार आपण शपथेच्या संदर्भात करतो, पण रोजच्या कामात त्याचा अर्थ फार थेट आहे. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकारालाही वजन उरत नाही. बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, हा दाखला (लूक 14:28) शिष्यत्वाबद्दल आहे, पण त्यात गृहीत धरलेली समज साधी आहे : बोलण्याआधी बसून मोजा.

तुमच्या कामात हे कसं दिसतं ते वाचायला आवडेल. कुठे अडतं तेही लिहा.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. आमच्याकडे भरवसा म्हणजे ड्यूटी बदलतानाचा ओव्हर. कोणत्या रुग्णाला काय सुरू आहे, कोणती मात्रा दिली, कोणती राहिली, कोणाचा रिपोर्ट यायचा आहे, कोणाला कशाची ॲलर्जी आहे, कोणाचे नातेवाईक घाबरलेले आहेत. बारा तास उभं राहून पाय दुखत असतात, पुढची सिस्टर आलेली असते, आणि लवकर उरकून निघावंसं वाटतं. तिथे माझा विश्वास कसाला लागतो. प्रार्थनेच्या सभेत तो तितका लागत नाही, हे मी मनापासून सांगते.

दुसरी गोष्ट नोंदीची. औषध दिलं की त्याच वेळी लिहायचं. "शेवटी एकदम लिहू" म्हटलं की आठवणीवर भिस्त येते, आणि रुग्णाच्या बाबतीत आठवणीवर भिस्त ठेवायचा हक्क मला नाही. नोंद नसेल तर पुढची सिस्टर तेच औषध पुन्हा देऊ शकते, किंवा दिलं असेल असं धरून सोडून देऊ शकते. दोन्ही घातक. आणि जे माहीत नाही ते "माहीत नाही" असंच सांगायचं. अंदाजाने सांगितलेली गोष्ट पुढच्या ओव्हरमध्ये खात्रीची होऊन जाते.

कलस्सैकरांस 3:22 मध्ये पौल तोंडदेखल्या चाकरीबद्दल लिहितो, माणसांना खूश करण्यापुरतं काम करणाऱ्यांबद्दल. रात्री तीन वाजता वॉर्डात कुणी बघायला नसतं. बेशुद्ध रुग्णाची कूस बदलली की नाही हे त्याला स्वतःला सांगता येत नाही. दर दोन तासांनी कूस बदलणं हे काम कोणी कौतुकाने बघत नाही. चुकवलं तर काही दिवसांनी त्वचेवर जखम दिसते. त्या वचनाचा अर्थ मला तिथे समजला.

वाटसरू

रात्रपाळी ताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण या वचनाबद्दल मला बोलायलाच हवं.

कलस्सैकरांस 3:22 ची सुरुवात "दासांनो" अशी आहे. ज्यांना नोकरी सोडायचा हक्क नव्हता, पगार नव्हता, अशा लोकांना उद्देशून ते लिहिलं आहे. पुढे अनेक शतकं गुलामांच्या मालकांनी हीच वचनं गुलामांना ऐकवली. आजही ती वरून खाली ऐकवली जातात. "तू ख्रिस्ती आहेस ना, तुझ्यावर भरवसा आहे" असं म्हणत एकाच माणसावर काम टाकलं जातं. जो वेळेवर करतो त्याच्याकडे आणखी येतं, जो करत नाही तो वेळेवर घरी जातो. शेवटी भरवशाचा माणूस आजारी पडतो आणि त्याच्या घरचे त्याचं तोंड बघायला तरसतात. मी हे जवळून पाहिलं आहे. या धाग्यातून तरुण मुलांनी "सगळं निमूट करा" एवढंच घेतलं तर नुकसान होईल.

कारभारी

वाटसरू, हा आक्षेप खरा आहे आणि वचनांचा असा वापर झाला हेही खरं. ते दुखणं झाकू नये.

पण ती वचनं ऐकवणारे त्याच पत्रातल्या 4:1 ला पोचायच्या आत थांबत. तिथे पौल धन्यांना सांगतो की दासांशी न्यायाने आणि समतेने वागा, कारण तुमचाही धनी स्वर्गात आहे. इफिसकरांस 6:9 मध्ये धमकावणं सोडा असं स्पष्ट सांगितलं आहे. त्याच्याही कितीतरी आधी लेवीय 19:13 मध्ये आज्ञा आहे की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये. याकोब 5:4 मध्ये अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी पोचली आहे. म्हणजे भरवशाचं असणं ही मालकाकडूनही मागितलेली गोष्ट आहे. पगार ठरल्या दिवशी देणं, कबूल केलेली सुट्टी ऐनवेळी रद्द न करणं, नेमताना सांगितलं ते काम देणं. ज्याच्या हाताखाली माणसं आहेत त्याने स्वतःला हे आधी विचारावं.

आणि प्रभू स्वतः सगळ्यांना सगळं उपलब्ध नव्हता. मार्क 1:35 पासून पाहा. भल्या पहाटे तो उठून एकांतात प्रार्थना करतो. शिमोन शोधत येतो, म्हणतो, सगळे तुला शोधत आहेत. मागणी खरी होती, लोक खरोखर आजारी होते. तरी तो म्हणतो, आपण जवळपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ, मी त्यासाठीच आलो आहे. ज्यासाठी तो आला होता त्याच्याशी तो विश्वासू राहिला, म्हणून त्याला त्या सकाळी नाही म्हणता आलं. शब्बाथाची, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाची, आज्ञाही दासदासींना आणि गुराढोरांना धरूनच आहे. विश्रांती चोरून घ्यायची गोष्ट नाही.

6 व्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी जे नियम लिहिले, त्यांतला 31 वा अध्याय कोठारप्रमुखाबद्दल आहे. मठाची भांडी आणि सगळी मालमत्ता त्याने वेदीच्या पवित्र पात्रांसारखी मानावी असं त्यात आहे. पण त्याच अध्यायात हेही आहे की कुणी अवाजवी मागणी केली तर त्याचा अपमान न करता, कारण देऊन, नम्रपणे नाही म्हणावं. द्यायला वस्तू नसेल तर निदान चांगला शब्द द्यावा. आणि मागण्याच्या-देण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, म्हणजे देवाच्या घरात कुणाचं मन अस्वस्थ होणार नाही. नाही म्हणायची रीत इतक्या बारकाईने शिकवणारा माणूस भरवशाबद्दलच बोलत होता, असं मला वाटतं.

वाटसरू

4:1 बद्दल सहमत. मालकाकडून सुरुवात करा, हे मंडळीतून ऐकायला मिळालं तर फार बरं होईल.

निळी_शाई

मी हिशेबाच्या कामात आहे, त्यामुळे माझं आवडतं ठिकाण जरा कोपऱ्यातलं आहे : 2 राजे, 12 वा अध्याय. आपल्याकडे हे फारसं वाचलं जात नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

योवाश राजा मंदिराच्या डागडुजीसाठी येणारा पैसा याजकांच्या हाती सोपवतो आणि दुरुस्ती करा म्हणून सांगतो. राजाच्या कारकिर्दीचं 23 वं वर्ष उजाडलं तरी याजकांनी दुरुस्ती केलेली नसते. राजा त्यांना बोलावून विचारतो, का केली नाही? मग व्यवस्था बदलते. यहोयादा याजक एक पेटी घेतो, तिच्या झाकणाला भोक पाडतो आणि ती वेदीजवळ ठेवतो. पेटीत पैसा साठला की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून मोजतात, थैल्यांत बांधतात आणि कामावर देखरेख करणाऱ्यांच्या हाती देतात. ते पुढे सुतारांना, बांधकाम करणाऱ्यांना, गवंड्यांना, पाथरवटांना देतात. आणि 15 व्या वचनात आहे की ज्यांच्या हाती हा पैसा देत त्यांच्याकडून हिशेब मागत नसत, कारण ते सचोटीने वागत. पुढे योशीया राजाच्या काळातही (22:7) हेच पुन्हा लिहिलं आहे.

ज्यांचं कामच देवाच्या घरातलं, त्यांच्याकडून ते वर्षानुवर्षं झालं नाही. आणि ज्यांच्या हाती दगड, लाकूड, मजुरी यांचा व्यवहार होता, त्यांच्या नावापुढे हे वाक्य लिहिलं गेलं. त्यांची नावंसुद्धा दिलेली नाहीत. मंडळीत सेवा करणाऱ्या आम्हा सगळ्यांना हे वाचायची गरज आहे. गायनाच्या सरावाला जायचं म्हणून ऑफिसचं काम अर्धवट टाकून निघणं ही भक्ती कशी होईल? आणि ऑफिसात मिनिटाला पोचणारा माणूस रविवारच्या शाळेच्या वर्गाला पंधरा मिनिटं उशिरा येतो, कारण "आपलीच मुलं आहेत, थांबतील". दोन्हीकडे वाट बघणारी माणसंच असतात.

एक पुस्ती जोडते. हिशेब मागत नसत हे वाचून कुणी "माझ्यावर विश्वास नाही का?" असं म्हणायला लागू नये. पौलाने यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा स्वतःहून इतर बंधूंना सोबत घेतलं. 2 करिंथ 8:20-21 मध्ये तो कारण देतो : या मोठ्या रकमेच्या बाबतीत आमच्यावर कुणी दोष ठेवू नये, आणि जे प्रभूच्या नजरेतच नव्हे तर माणसांच्या नजरेतही योग्य ते आम्ही करू पाहतो. प्रेषित असून तपासणीचा राग नाही. माझ्या अनुभवात ऑडिटला चिडणाऱ्या माणसापेक्षा व्हाउचर आधीच लावून ठेवणाऱ्या माणसावर जास्त विसंबता येतं.

सहप्रवासी

मी ख्रिस्ती नाही, पण धागा मन लावून वाचतो आहे. एक प्रामाणिक प्रश्न. माझ्या कामावर सगळ्यात भरवशाचे जे दोघे आहेत, त्यांतला एक दुसऱ्या धर्माचा आणि एक कोणताच धर्म न मानणारा. मग यात ख्रिस्ती काय आहे? चांगला कामगार तो चांगला कामगार.

आणि थोडं कटू वाटेल, पण सांगतो. पूर्वी माझ्या टीममध्ये एक गृहस्थ होते, टेबलावर वचन लावलेलं, बोलण्यात सतत देवाचं नाव. त्यांच्याकडे दिलेलं काम दर वेळी आम्हाला शेवटच्या दिवशी रात्री बसून करावं लागे. मला त्या वचनाचाच राग यायला लागला होता. नंतर चांगली माणसं भेटली म्हणून तो गेला.

गव्हाचा_दाणा

सहप्रवासी, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. तीताच्या पत्रात (2:10) पौल म्हणतो की सेवकांनी पूर्ण विश्वासूपणा दाखवावा, म्हणजे देवाच्या शिकवणुकीला शोभा येईल. त्याची उलटी बाजू तुम्ही सांगितलीत. टेबलावर वचन लावणाऱ्याने काम टाळलं की ते त्याच्यापुरतं राहत नाही.

भरवशाचं असणं ही आमची मालमत्ता आहे असा दावा शास्त्र करत नाही. रोमकरांस 2 मध्ये पौलच लिहितो की ज्यांच्याकडे नियमशास्त्र नाही असे लोकही नियमशास्त्रातल्या गोष्टी स्वभावतः करतात. तुमचे ते दोघे सहकारी चांगले आहेत याचा मला आनंद आहे, आणि त्यांच्याकडून शिकायलाही मी तयार आहे.

मग फरक कुठे? मला तो मुळात दिसतो. विलापगीताच्या 3 ऱ्या अध्यायात, नगर उद्ध्वस्त झालेलं असताना, लिहिणारा म्हणतो की परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते, त्याचं सत्य थोर आहे. 2 तीमथ्य 2:13 मध्ये आहे की आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो. आधी आमच्याशी कुणीतरी शब्द पाळला, मग आम्ही पाळायला लागतो. याचा परिणाम कामावर दिसतो तो असा की चांगलं नाव टिकवण्यासाठी काम करावं लागत नाही. नाव टिकवण्यासाठी काम करणारा माणूस चूक लपवतो, कारण चूक उघड झाली तर त्याच्याकडे दुसरं काहीच उरत नाही. ज्याचं मोल आधीच ठरलेलं आहे तो "हे माझ्याकडून राहिलं" असं सकाळी दहा वाजताच सांगू शकतो. संध्याकाळपर्यंत थांबायची त्याला गरज नसते.

इतिहासातलं एक उदाहरण देतो. 17 व्या शतकात इंग्लंडमधले क्वेकर पंथाचे लोक कोर्टात शपथ घ्यायला नकार देत. मत्तय 5 मधलं वचन ते शब्दशः पाळत. त्यांचं म्हणणं, शपथेवर खरं बोलायचं तर एरवीच्या बोलण्याचं काय? यासाठी कित्येकांनी तुरुंगवास सोसला. 1690 च्या दशकात तिथल्या पार्लमेंटने त्यांना शपथेऐवजी साधं प्रतिज्ञेवरचं कथन करायची मुभा दिली. याच लोकांनी दुकानात घासाघीस न करता एकच भाव सांगायला सुरुवात केली. आरंभी गिऱ्हाईक तुटलं. मग लोकांच्या लक्षात आलं की यांच्या दुकानात लहान मुलाला पाठवलं तरी फसवणूक होत नाही. कोर्टातला शब्द आणि गल्ल्यावरचा शब्द त्यांनी वेगळा ठेवला नाही, हे मला फार मोठं वाटतं.

सहप्रवासी

चूक सकाळी दहाला सांगण्याचा मुद्दा पटला. ते दोघे सहकारीही तसेच आहेत. त्यांना ते कुठून मिळालं हे मी कधी विचारलं नव्हतं, आता विचारीन.

पायवाट

गेले काही दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. माझ्या घरी आईला दीर्घ आजार आहे. कोणत्या दिवशी अचानक दवाखान्यात न्यावं लागेल ते सांगता येत नाही. मी संगणकाच्या कामात आहे, काम बरंचसं घरून होतं, पण वेळेचा भरवसा मी देऊ शकत नाही. "होय ते होय" वाचलं की मला धीर येण्याऐवजी ओझंच वाटतं. बोलताना प्रत्येक वाक्याला "प्रभूची इच्छा असेल तर" जोडते, आणि ऐकणाऱ्याला ती पळवाट वाटते हेही दिसतं. माझ्यासारखीने काय करावं?

रात्रपाळी

पायवाट, तुमच्या आईसाठी आजच प्रार्थना करते. तुम्ही रोज जिच्यासाठी उठता तिच्या दृष्टीने तुम्ही किती भरवशाच्या आहात, हे आधी लक्षात घ्या.

आमच्या वॉर्डचा अनुभव सांगते. कोणीही सिस्टर केव्हाही आजारी पडू शकते, म्हणून तर ओव्हर लिहून ठेवतो. मी उद्या आले नाही तरी माझ्या रुग्णाचं अडू नये, इतकी नोंद स्पष्ट असावी. हजर राहणं नेहमी हातात नसतं. कागद नीट ठेवणं बहुतेक वेळा असतं.

कारभारी

पायवाटताई, 2 करिंथच्या पहिल्या अध्यायात तुमच्यासारखीच अडचण आहे. पौलाने करिंथकरांना सांगितलं होतं की मासेदोनियाला जाताना आणि येताना तुमच्याकडे येईन. बेत बदलला. लोक म्हणायला लागले, हा माणूस चंचल आहे, याचं एकाच वेळी होय होय आणि नाही नाही असतं. पौल ते हसण्यावारी नेत नाही. मी बेत उथळपणे केला होता का, असं विचारून तो देवाच्या विश्वासूपणाची साक्ष देतो आणि मग खरं कारण सांगतो : तुम्हाला दुःख होऊ नये म्हणून मी आलो नाही. म्हणजे प्रेषिताचाही बेत बदलला. पण त्याने गप्प राहून तो बदलला नाही, आणि कारण लपवलं नाही.

याकोब 4 मधलं "प्रभूची इच्छा असल्यास" हे वचन अमुक गावी जाऊ, वर्षभर राहू, नफा कमावू असं छातीठोक बोलणाऱ्यांसाठी आहे. त्यांचा गर्व उतरवायला ते सांगितलं. तुमच्या बाबतीत ते खरंच आहे, पण ऐकणाऱ्याला त्यातून काही हाती लागत नाही. त्याच्या जागी अनिश्चितता नेमकी सांगता येते. "काम बुधवारपर्यंत होईल असा अंदाज आहे. घरी आजारपण आहे, त्यामुळे एखादा दिवस जाऊ शकतो. सोमवारी संध्याकाळी कुठवर आलं ते कळवीन." यातलं शेवटचं वाक्य तुमच्या हातातलं आहे, दवाखान्यात बसूनही ते पाळता येतं. शब्द लहान द्या आणि तो पूर्ण पाळा. कामाचे छोटे तुकडे करून रोज जिथे ठेवायचे तिथे ठेवलेत तर दुसऱ्याला उचलता येतात. आणि वरिष्ठ समंजस असतील तर ज्यांना तासाची घाई आहे अशी कामं तुमच्याकडे नकोत हे त्यांच्याशी एकदाच मोकळेपणाने बोलून घ्या.

गव्हाचा_दाणा

यात एक भर. शब्द आधीच देऊन बसलो आणि झेपत नाही असं दिसलं तर? नीतिसूत्रे 6 च्या पहिल्या पाच वचनांत याचं उत्तर आहे. शेजाऱ्यासाठी जामीन राहून अडकला असशील तर आत्ताच जा, नमून त्याची विनवणी कर, स्वतःला सोडवेपर्यंत डोळ्यांना झोप लागू देऊ नकोस. हरिणी शिकाऱ्याच्या हातून निसटते तसा नीघ. स्तोत्र 15 मध्ये स्वतःचं नुकसान झालं तरी शब्द न मोडणाऱ्याची स्तुती आहे, आणि इथे लवकर जाऊन सुटका मागायला सांगितलं आहे. दोन्ही एकत्र धरावीत. नुकसान माझंच असेल तर सोसावं. समोरच्याचं होणार असेल तर दिसल्या दिवशीच जाऊन सांगावं, लाज वाटली तरी. मुदतीच्या आदल्या रात्री सांगितलेलं सत्य त्याच्या काही कामाचं नसतं.

पायवाट

सोमवारी कळवीन हा शब्द मी देऊ शकते. उद्याच वरिष्ठांशी बोलते. सगळ्यांचे आभार.

निळी_शाई

माझाही एक प्रश्न होता, पण लिहिता लिहिता उत्तर सापडत गेलं, तरी मांडते. हाताखालचा माणूस पुन्हा पुन्हा दगा देतो तेव्हा ख्रिस्ती वरिष्ठाने काय करावं? क्षमा करून तेच काम पुन्हा द्यावं का?

योहान मार्क पहिल्या सुवार्ताप्रवासात पंफुल्यात पौलाला सोडून परत गेला (प्रेषितांची कृत्ये 13:13). पुढच्या प्रवासाच्या वेळी पौलाचा सहकारी बर्णबा याला त्याला न्यायचं होतं, पौलाला नको होतं, आणि वाद इतका वाढला की दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटाला गेला. कित्येक वर्षांनी, आयुष्याच्या शेवटाशी, पौल तीमथ्याला लिहितो की मार्काला सोबत घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. कुणी म्हणतं बर्णबा बरोबर, कुणी म्हणतं पौल. मला दोघांचीही गरज दिसते. पौलाने धोक्याच्या प्रवासात त्याच्यावर भार टाकला नाही, कारण तिथे इतरांचे जीव होते. बर्णबाने त्याला वाऱ्यावर सोडलं नाही, बरोबर घेऊन काम दिलं. आणि मार्क बदलला तेव्हा पौलाने जुनं धरून ठेवलं नाही.

क्षमा लगेच करता येते, करावीच. भरवसा मात्र थोड्यातून वाढतो, लूक 16:10 मध्ये प्रभूने तीच वाट दाखवली आहे. म्हणून मी आमच्याकडच्या नव्या मुलाशी नीट बसून बोलले, त्याच्या अडचणी ऐकल्या. महिनाअखेरच्या जुळणीतला सध्या त्याला एकच भाग दिला आहे, बँकेचा. रोज दुपारी दहा मिनिटं सोबत बसून ताळा बघतो. तो जमला की पुढच्या महिन्यात पुरवठादारांची खाती देईन, आणि तेव्हा दुपारचं बसणं बंद करेन. हे त्याला आधीच सांगून ठेवलं आहे.